पैसे खात्यात, माणूस रांगेत

खेड्यातल्या माणसाला बँकेकडून चार कामे हवी असतात. हाती आलेला पैसा सांभाळून ठेवावा, लागेल तेव्हा तो परत मिळावा, परगावच्या माणसाला पाठवता यावा किंवा त्याच्याकडून यावा, आणि अडीनडीला रास्त व्याजाने कर्ज मिळावे. ही कामे किती सोपी आणि किती अवघड, हे शाखेच्या अंतरावरून पुरते कळत नाही. खरा हिशेब बुडालेल्या मजुरीचा असतो. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा २०२५-२६ सालचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. निराधार अनुदानाचे दीड हजार काढायला म्हातारीला तालुक्याच्या गावी जावे लागले, सोबतीला सून न्यावी लागली, दोघींचे भाडे आणि सुनेची मजुरी गेली, आणि ‘लिंक नाही, उद्या या’ एवढे ऐकून परतावे लागले, तर त्या दीड हजारांतले शेवटी हातात किती पडले हे कोणत्याच पासबुकात उमटत नाही. ग्रामीण बँकिंगचे मोजमाप या न उमटणाऱ्या रकमेपासून सुरू व्हायला हवे.

सावकार या कसोटीला पुरेपूर उतरत होता, म्हणूनच तो इतका टिकला. त्याचे दुकान गावात, पुष्कळदा त्याच आळीत. रात्री-अपरात्री दार वाजवले तरी पैसे मिळत. धान्य उसने नेले तर ते सुगीला सवाईने किंवा दिडीने परत करायचे, म्हणजे मणाला सव्वा मण किंवा दीड मण. रोकड नेली तर खत लिहून खाली अंगठा उठवायचा. ब्रिटिश अमलात सारा रोखीने आणि ठरल्या तारखेला भरावा लागे, मग पाऊस पडो वा न पडो. त्यामुळे सावकाराचे घर हाच शेतकऱ्याचा एकमेव आधार झाला. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि उधारीही सढळ हाताने मिळू लागली. युद्ध संपले, भाव कोसळले, त्यातच साऱ्याची फेरआकारणी आली, देणे मात्र तसेच राहिले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोकांचा संयम संपला. तिथून पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या उठावात रयतेचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. सावकाराची खते आणि वह्या बाहेर काढून जाळणे हाच त्यामागचा मुख्य हेतू होता.

चौकशीसाठी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. खतावर लिहिलेला आकडा डोळे झाकून मान्य न करता मूळ देणेघेणे तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला. चारच वर्षांनी, १८८३ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कर्ज, सारा आणि अज्ञान यांच्या जात्यात भरडल्या जाणाऱ्या कुणब्याची स्थिती मांडली. कायद्याने सावकाराचा हात काही प्रमाणात धरला, पण त्याच्या जागी दुसरा कोणी उभा केला नाही. पेरणीच्या तोंडावर बियाण्याला पैसे लागतात तेव्हा कायदा ते देत नाही. ही उणीव पुढे कितीतरी सुधारणांत राहून गेली.

पोस्टाने मधल्या काळात दोन कामे उचलली. १८८० पासून मनीऑर्डर आणि १८८२ पासून बचत बँक सुरू झाली. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या कोकणी आणि घाटावरच्या माणसाची मनीऑर्डर घेऊन पोस्टमन दारात येई, फॉर्मच्या तळाशी लिहिलेला दोन ओळींचा मजकूर वाचून दाखवी आणि पैसे मोजून देई. पैसा घरापर्यंत पोहोचवणारी आणि त्यासाठी घेणाऱ्याची मजुरी न बुडवणारी ही व्यवस्था होती. कर्जाची गरज मात्र तिच्या कक्षेबाहेर होती.

ते काम सहकाराने करावे या विचाराने १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. १९११ साली सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक उभी राहिली, तीच आजच्या राज्य सहकारी बँकेची पूर्वज. गावोगाव सोसायट्या निघाल्या. तरीही स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली ७५ जिल्ह्यांतली ६०० गावे निवडून ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली, तेव्हा समोर आलेले चित्र अस्वस्थ करणारे होते. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, सरकारचा ३.३ टक्के, व्यापारी बँकांचा ०.९ टक्के. व्यावसायिक आणि शेतकरी सावकार मिळून सुमारे ७० टक्के. या पाहणीसाठी नेमलेल्या गोरवाला समितीने १९५४ साली हा अहवाल मांडला. त्या समितीत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यात विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने उभे राहिलेले हे अर्थतज्ज्ञ पुढे आणखी एका अभ्यासगटाचे अध्यक्ष झाले. त्या गटाच्या विचारातूनच एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेने घ्यावी ही अग्रणी बँकेची कल्पना निघाली. महाराष्ट्रात या रचनेतल्या बँकांच्या राज्यस्तरीय समितीचे निमंत्रकपद आजही बँक ऑफ महाराष्ट्रकडे आहे.

१९५५ साली इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली तीच पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढण्याच्या अटीवर. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. २ ऑक्टोबर १९७५ ला पहिल्या पाच प्रादेशिक ग्रामीण बँका सुरू झाल्या आणि पाठोपाठ नांदेडला मराठवाडा ग्रामीण बँक आली. पण खेड्यांसाठी सर्वांत मोलाचा ठरला तो १९७७ चा एक साधा नियम. जिथे आधीच बँक आहे अशा ठिकाणी एक शाखा काढायची असेल, तर बँक नसलेल्या चार गावांत शाखा काढाव्यात, असे तो सांगत होता. १९९० साली तो मागे घेतला गेला. राष्ट्रीयीकरणापासून तोवर देशभरात बँक नसलेल्या ग्रामीण भागांत सुमारे ३० हजार शाखा उघडल्या होत्या, आणि त्यांतल्या कित्येक आजही तालुक्याच्या ठिकाणाबाहेरच्या गावांतली एकमेव बँक आहेत. त्यानंतरच्या दशकात नफ्यातोट्याचा विचार पुढे आला आणि खेड्यातल्या नव्या शाखांचा वेग ओसरला. त्या नियमाइतकी कडक सक्ती पुन्हा आली नाही, ही ग्रामीण बँकिंगच्या इतिहासातली मोठी हानी होय.

शेतकऱ्याच्या बोलण्यात मात्र ‘बँक’ म्हणजे बहुतेक वेळा जिल्हा बँक, आणि तिच्याकडे जाणारी वाट गावच्या सोसायटीतून जाते. महाराष्ट्रात ३१ जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका आहेत. वर राज्य बँक, मध्ये जिल्हा बँक आणि गावात विविध कार्यकारी सेवा सोसायटी अशी ही तीन पायऱ्यांची उतरंड. सोसायटीचा गटसचिव सातबारा आणि आठ अ पाहून क. म. पत्रक भरतो. कोणाचे किती क्षेत्र, त्यात कोणते पीक, आणि जिल्हास्तरीय तांत्रिक समितीने ठरवलेल्या दराने एकरी किती कर्ज बसते, हे त्या पत्रकात असते. मंजुरी मिळाली की सातबाऱ्याच्या इतर हक्कांत सोसायटीचा बोजा चढतो. सचिव गावात राहणारा किंवा गावात रोज येणारा असतो. कोणाची विहीर आटली, कोणाच्या घरी लग्न आहे, कोण बुडवायच्या बेतात आहे, हे त्याला कागदाशिवाय कळते. सोसायटीचे खरे भांडवल म्हणजे हीच माहिती. निवडणुकीच्या राजकारणात जिथे या माहितीचा उपयोग कर्ज देण्याऐवजी कर्ज अडवण्यासाठी झाला, तिथे सोसायटी आणि गाव दोन्ही खचले.

या उतरंडीचे आरोग्य पिकावर ठरते. उसाच्या पट्ट्यात सोसायटीची वसुली कारखान्याच्या ऊसबिलातून परस्पर कापली जाते, त्यामुळे कोल्हापूर, पुणे, सातारा या भागांतल्या जिल्हा बँका बळकट राहिल्या. कापूस आणि सोयाबीनवर जगणाऱ्या कोरडवाहू विदर्भात, मराठवाड्यात अशी हमीची कपात नाही. माल व्यापाऱ्याला रोखीने विकला जातो, भाव पडला की देणे थकते, दोन हंगाम थकले की बँक डळमळते, आणि बँक डळमळली की पुढच्या हंगामाला कर्ज नाही. ज्याला पावसाने मारले त्याच्याच दारातली बँक आधी बंद पडते. ही रचना दुष्काळी भागाला दुप्पट शिक्षा करणारी आहे, आणि कर्जमाफीच्या एकामागून एक आलेल्या योजनांनी थकलेले खाते कोरे केले तरी ही रचना बदलली नाही.

पीककर्जाचा एक विधी गावाबाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतो. कागदावर हे कर्ज फार स्वस्त आहे. किसान क्रेडिट कार्डावर तीन लाखांपर्यंत सात टक्के व्याज, वेळेत फेडले तर केंद्राची तीन टक्के सवलत, आणि उरलेले राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून. म्हणजे वेळेवर भरणाऱ्याला व्याज शून्य. अट एवढीच की खरिपाचे कर्ज ३१ मार्चच्या आत भरले पाहिजे. पण मार्चमध्ये शेतकऱ्याच्या हातात पैसा असतोच असे नाही. उसाचे बिल आलेले नसते, कापूस भाव चढेल या आशेने घरात पडून असतो, तूर नुकतीच निघालेली असते. मग ‘नवं-जुनं’ करायचे ठरते. शेतकरी ओळखीच्या आडत्याकडून किंवा व्याजाने पैसे लावणाऱ्या माणसाकडून काही दिवसांसाठी लाख-दीड लाख उचलतो. मार्च संपायच्या आत ते सोसायटीत भरतो. जुने खाते बेबाक होते, एप्रिलमध्ये नवे कर्ज मंजूर होते, रक्कम खात्यात पडते, आणि त्याच दिवशी ती काढून उसन्याची परतफेड होते. व्याज शेकड्याने, पुष्कळदा पूर्ण महिन्याचे, पैसा वापरला असेल आठच दिवस. नवे कर्ज यायला चार-सहा दिवस उशीर झाला तर सावकाराचा दुसरा महिना लागतो. बँकेच्या दफ्तरी हा शेतकरी नियमित कर्जदार, शून्य टक्क्यांचा लाभार्थी. त्याच्या घरी मात्र पेरणीसाठी नवा रुपया आलेला नसतो, उलट काही हजार गेलेले असतात. सावकारी नियंत्रणाचा २०१४ चा कायदा अस्तित्वात असताना हे घडते, कारण कर्जफेडीची तारीख पिकाच्या विक्रीला जुळवलेली नाही. हा दोष शेतकऱ्याच्या वृत्तीत शोधणे अन्यायाचे आहे.

राष्ट्रीयीकृत बँकेकडे वळले तर तिथे वेगळे अडथळे. तारण न घेता द्यायच्या शेतीकर्जाची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांवर गेली आहे. पण आजूबाजूच्या सगळ्या बँकांचे ‘नो ड्यूज’ दाखले आणायचे, म्हणजे प्रत्येकी एक फेरी आणि एक खाडा. त्यात सिबिलचा आकडा आडवा येतो. पीककर्जाला सिबिल लावू नका असे राज्य सरकारने बँकांना पुन्हा पुन्हा बजावले, तरी शाखेत गेल्यावर तोच आकडा समोर ठेवला जातो, अशी तक्रार दर खरिपात ऐकू येते. जमिनीचा सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलेली बाई, खंडाने जमीन कसणारा भूमिहीन, वनहक्काचा दावा अजून सुटायचा असलेला आदिवासी, हे तर अर्जापर्यंतही पोहोचत नाहीत.

बायकांनी स्वतःची वाट काढली ती बचत गटातून. १९९२ साली नाबार्डने देशभरात ५०० गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाने आणि नंतर ‘उमेद’ अभियानाने तो वाड्यावस्त्यांपर्यंत नेला. दहा-बारा जणी महिन्याच्या ठरल्या तारखेला कोणाच्या तरी ओसरीवर जमतात, प्रत्येकीची बचत वहीत चढते, ज्या रकमेची निकड असेल ती तिथल्या तिथे उसनी दिली जाते, आणि व्याज गटातच राहते. कोणालाही तालुक्याला जावे लागत नाही. परतफेड होते कारण समोर बसलेली प्रत्येक जण शेजारीण असते. पुढे सूक्ष्म वित्त कंपन्यांनी हीच बैठक, हीच सामूहिक हमी उचलली आणि दारात कर्ज दिले, वर्षाला वीस टक्क्यांच्या वर व्याज लावून आणि दर आठवड्याच्या किंवा पंधरवड्याच्या हप्त्याने. बायका ते घेतात, कारण तो माणूस दारात येतो. बँकेचे स्वस्त कर्ज आणि हे महाग कर्ज यांतला फरक त्या जाणून असतात. पण चार फेऱ्यांची मजुरी धरली तर तो फरक बराच कमी होतो.

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, म्हसवडला, १९९७ साली उभी राहिलेली माणदेशी महिला सहकारी बँक याच हिशेबातून जन्मली. चेतना सिन्हा यांनी गावातल्या कष्टकरी बायकांना घेऊन रिझर्व्ह बँकेकडे परवाना मागितला, तेव्हा पहिला अर्ज परतला. प्रवर्तकांपैकी अनेकींनी सहीच्या जागी अंगठा केला होता. त्या बायका लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा मुंबईला गेल्या. रकमेवरचे व्याज आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी यंत्राशिवाय करून दाखवावे, असे त्यांनी तिथे म्हटले. परवाना मिळाला. बँक सुरू झाल्यावर कळले की बाजारात बसणारी भाजीवाली बँकेत येऊ शकत नाही, कारण पाटी सोडली की त्या दिवसाचा धंदा गेला. मग बँकच बाजारात आणि दारात जाऊ लागली. पासबुक घरात सापडले की नवरा बचत मागतो, असेही बायकांनी सांगितले. त्यावर हातात पासबुक न देता व्यवहार नोंदवण्याची सोय काढण्यात आली. मोठ्या बँकांकडे याहून कितीतरी अधिक साधने होती. जे त्यांना सुचले नाही ते माणच्या दुष्काळी मातीतल्या बायकांना सुचले, याचे कारण त्या गिऱ्हाईकाच्या बाजूने विचार करत होत्या.

सरकारी पातळीवर या प्रश्नाला नवे वळण लागले ते जानेवारी २००६ मध्ये. शाखा काढणे परवडत नाही, तर बँकेने आपला प्रतिनिधी गावात नेमावा, अशी मुभा रिझर्व्ह बँकेने दिली. हाच आजचा ‘बँक मित्र’. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना सुरू झाली आणि नऊ वर्षांत खात्यांची संख्या ५० कोटींवर गेली. त्यांत निम्म्याहून अधिक खाती बायकांची आणि सुमारे दोन तृतीयांश खाती ग्रामीण व निमशहरी भागांतली. ज्या घरात कधी पासबुक नव्हते तिथे ते आले, ही गोष्ट लहान नाही. रोजगार हमीची मजुरी, किसान सन्मान निधीचे वर्षाचे सहा हजार, निराधार अनुदान, शिष्यवृत्ती हे सारे थेट खात्यात येऊ लागले आणि मधल्या हातांची गळती पुष्कळ थांबली. पैसे येण्याची वाट मोठी झाली. ते हातात पडण्याची वाट मात्र एका लहानशा यंत्राइतकी राहिली.

हे यंत्र काम करते कसे ते पाहण्यासारखे आहे. गावच्या चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात किंवा किराणा दुकानाच्या कोपऱ्यात बँक मित्राचे टेबल असते. त्यावर बोटाचा ठसा घेणारी डबी, मोबाइल किंवा लॅपटॉप आणि पैशाचे ड्रॉवर. आजी आधार कार्ड पुढे करते. तो क्रमांक टाकतो, बँक निवडतो, रक्कम टाकतो, आणि आजी उजव्या हाताचा अंगठा काचेवर ठेवते. ठसा उमटत नाही. अंगठा पदराला पुसून पुन्हा. मग तर्जनी, मग मधले बोट. तो ओले फडके पुढे करतो, जरा दाबून धरा म्हणतो, मग डावा हात. ज्या बोटांनी चाळीस वर्षे ऊस तोडला, खुरपे धरले, राखेने भांडी घासली, त्यांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. आयुष्यभराच्या कष्टाचा पुरावा असलेले बोटच ओळख पटवायला अपुरे ठरते. ठसा जुळला तरी रेंज जाते, आणि पडद्यावर गोल फिरत राहते. पैसे खात्यातून वजा झाले पण व्यवहार पूर्ण झाल्याचा निरोप आला नाही, तर बँक मित्र रोकड देऊ शकत नाही, आणि आजीच्या मोबाइलवर, तो असलाच तर, पैसे गेल्याचा संदेश आलेला असतो. त्या क्षणी दोघांतला विश्वास तुटतो, दोष कोणाचाच नसताना.

बँक मित्राची बाजूही समजून घेतली पाहिजे. तो बँकेचा नोकर नाही. त्याला पगार म्हणावा असे थोडेच मिळते, बाकी व्यवहारामागे काही रुपयांचे कमिशन. लोकांना द्यायची रोकड त्याला स्वतःच्या भांडवलातून आणावी लागते. तो ड्रॉवरमधून दोन हजार देतो तेव्हा तेवढी रक्कम त्याच्या खात्यात जमा होते, पण नोटा तर गेल्याच. अनुदान जमा होण्याच्या दिवशी चाळीस-पन्नास हजारांची रोकड दुपारपर्यंत संपते, मग तो मोटरसायकल काढून शाखेत जातो, तिथल्या रांगेत उभा राहतो, आणि इकडे त्याच्या दारात रांग थांबते. कमिशन पुरत नाही म्हणून काही ठिकाणी लोकांकडून वरचे दहा-वीस रुपये घेतले जातात. ते गैरच आहे. काही ठिकाणी याहून वाईट घडते. ठसा उमटला नाही असे सांगून पुन्हा बोट ठेवायला लावतात आणि दोनदा पैसे काढतात, पावती देत नाहीत. निरक्षर माणसाला पावती हाच एक पुरावा असतो. ती मागण्याचा त्याला हक्क आहे आणि न देणाऱ्याला बँक मित्र राहू देऊ नये.

गर्दीच्या दिवसांत ही सारी व्यवस्था उघडी पडते. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीनंतर आठवड्याच्या आत जिल्हा बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली. ज्या गावांत जिल्हा बँकेची शाखा हीच एकमेव बँक होती तिथल्या शेतकऱ्याला, ऐन रब्बीच्या पेरणीत, आपल्याच बँकेचे दार बंद झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते रक्षाबंधनाच्या तोंडावर जमा झाले, तेव्हा राज्यभर शाखांसमोर बायकांच्या रांगा लागल्या. कोणाचे आधार खात्याला जोडलेले नव्हते, कोणाचे भलत्याच जुन्या खात्याला जोडलेले निघाले आणि ते खाते केवायसीअभावी बंद पडलेले, कोणाचे पैसे जुन्या थकबाकीपोटी अडवलेले. तीन हजारांसाठी तान्ही मुले कडेवर घेऊन बायका तासन्‌तास उभ्या होत्या. काउंटरच्या आतले दोन-तीन कर्मचारीही दिवसभर मान वर न करता काम करत होते. माणसे वाढवल्याशिवाय खाती वाढवली की असे होणारच.

डोंगराळ भागात तर वाटच आडवी येते. गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि पलीकडच्या पाड्यांवरच्या माडिया माणसाला बँकेसाठी पूर ओसरण्याची वाट पाहावी लागते. सातपुड्यात धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत घरे टेकड्यांवर विखुरलेली आहेत. नर्मदेच्या फुगलेल्या पाण्याकाठच्या मणिबेलीसारख्या गावांना आधी पाणी किंवा डोंगर ओलांडावा लागतो. दर हजार-दीड हजार घरांमागे, पाच किलोमीटरच्या आत, बँकेची सेवा असावी हे जनधन योजनेने धरलेले माप इथे डोंगराच्या चढउतारात निरर्थक होते. १ सप्टेंबर २०१८ पासून पोस्टाची पेमेंट्स बँक सुरू झाली आहे आणि ग्रामीण डाकसेवक ठसा घेऊन घरी पैसे देऊ शकतो, कोणत्याही बँकेच्या खात्यातले. मनीऑर्डरच्या काळातली दारात पैसे देण्याची रीत त्यामुळे परत आली, आणि अशा भागांत आज सर्वांत भरवशाची सेवा तीच आहे. तिला कर्ज देण्याची मात्र परवानगी नाही.

पैसा ठेवण्याच्या बाबतीत धोका वेगळा आहे. बाजाराच्या गावात बँकेपेक्षा पतसंस्था जवळची वाटते. पिग्मी एजंट रोज दुकानात येऊन वीस-पन्नास रुपये नेतो, संचालक ओळखीचे असतात, व्याज टक्का-दोन टक्के जास्त असते. पण बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे, सहकारी बँकांनाही आहे; पतसंस्थेला आणि बहुराज्य पतसंस्थेला ते नाही. मुलीच्या लग्नाचे, निवृत्तीचे, जमीन विकल्याचे पैसे अशा ठिकाणी अडकलेली माणसे महाराष्ट्राच्या जवळजवळ प्रत्येक तालुक्यात भेटतील. ‘बँकेसारखे’ आणि ‘बँक’ यांतला हा फरक ठेव घेताना कोणी सांगत नाही, तो प्रत्येक ग्रामसभेत सांगितला गेला पाहिजे.

काही हक्क मात्र कागदावर पक्के आहेत आणि ते माहीत असले तर एखादी फेरी वाचते. मूलभूत बचत खात्याला किमान शिल्लक लागत नाही आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे काढायला शुल्क नाही. आधारवरून केलेला व्यवहार फसला आणि पैसे वजा झाले, तर ते पाच दिवसांत परत आले पाहिजेत, त्यापुढे दर दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. बँकेने तीस दिवसांत तक्रार सोडवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. शाखेतले फॉर्म आणि फलक मराठीतही असले पाहिजेत. समोरच्या कर्मचाऱ्याला मराठी बोलता येत नसेल तर आजीने अडचण सांगायची कशी, हा प्रश्न अस्मितेच्या आधी सेवेचा आहे.

आणखी एक गोष्ट घराघरांत पाहिली जावी. २०१५ पासून खात्यांतून दोन छोट्या विम्यांचे हप्ते कापले जातात, सध्या वर्षाला ४३६ रुपये जीवन ज्योतीचे आणि २० रुपये सुरक्षा विम्याचे. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी दोन लाख मिळतात, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला दोन लाख. खाते उघडताना कुठे सही किंवा अंगठा केला हे मागे राहिलेल्यांना ठाऊक नसते, पासबुक ट्रंकेत राहते, आणि हक्काचे पैसे कोणी मागत नाही. शहरात नोकरीला असलेल्या ज्या कोणाचे आईवडील, काका, आत्या गावी आहेत, त्यांनी पुढच्या खेपेला गावी गेल्यावर त्यांचे पासबुक बँकेत नेऊन नोंदी भरून आणाव्यात, वारसाचे नाव लागले आहे का ते पाहावे, आणि त्यात ४३६ किंवा २० ची नोंद दिसली तर तिचा अर्थ घरातल्या सर्वांना समजावून सांगावा.